चाळिशीनंतर बीजगणिताचा प्राथमिक अभ्यासक्रम: नेमके कोठे अडते?

मोगरा_भांडुप | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार. मी त्रेचाळीस वर्षांची आहे, भांडुपला राहते आणि एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करते. माझे शिक्षण मराठी माध्यमातून आणि पुढे कला शाखेतून झाले, त्यामुळे दहावीची परीक्षा संपली त्या दिवशी मिटलेले गणिताचे पुस्तक मी पुन्हा उघडले नव्हते. मद्रास आयआयटीने २०२० साली डेटा सायन्सचा जो ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला, त्याला बारावीची कोणतीही शाखा चालते आणि वयाची अट नाही, हे कळल्यावर यंदा मी नाव नोंदवायचे ठरवले आहे. प्रवेशाआधी चार आठवड्यांचा पात्रतेचा टप्पा असतो आणि त्यातील गणितात संच, फले, सरळ रेषा, वर्गसमीकरणे, बहुपदी असे विषय येतात. अमेरिकेतील महाविद्यालयांत ज्याला कॉलेज अल्जिब्रा म्हणतात, जवळजवळ तोच हा ऐवज आहे.

माझी अडचण अशी की व्हिडिओ पाहताना मला सगळे समजते. शिक्षक फळ्यावर ओळीमागून ओळ लिहीत जातात, प्रत्येक ओळ पटते, आणि मग तेच उदाहरण मी कोऱ्या कागदावर उतरवून घेतले की दुसऱ्या ओळीवर हात थांबतो. गेले तीन आठवडे रोज रात्री दीड तास देऊनही हेच चालले आहे. माझ्या वयाला हे जमण्यासारखे आहे का, आणि असेल तर सुरुवात कोठून करावी, याविषयी जाणकारांनी सांगावे. मुलगी अकरावीत आहे; तिला विचारले तर ती "अगं आई, हे सोपं आहे" एवढेच म्हणते आणि मला आणखी संकोच वाटतो.


रात्रपाळी | शनिवार, रात्री ११:२५

मी दिवसा छापखान्यात नोकरी करून रात्रीच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. केली, तीही पस्तिशीत, म्हणून वयाचा मुद्दा आधीच बाजूला ठेवतो. तुमच्या दुखण्याचे कारण व्हिडिओतच आहे. शिक्षकाने लिहिलेली ओळ बरोबर आहे की नाही हे ओळखणे आणि पुढची ओळ कोणती लिहायची हे ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले तुम्ही करता आणि दुसरे शिक्षक तुमच्यासाठी करून टाकतात. उदाहरण पडद्यावर आले की व्हिडिओ थांबवा, दहा मिनिटे स्वतः झगडा, चुकले तरी शेवटपर्यंत न्या आणि मगच पुढे पाहा. दीड तासात तीन उदाहरणे झाली तरी पुष्कळ आहेत.


दादरचे_गुरुजी | रविवार, सकाळी ७:१०

ताई, मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवले. रात्रपाळी यांनी सांगितले ते खरे आहे, पण ते अर्धे आहे. दुसऱ्या ओळीवर हात थांबतो तेव्हा अडचण बहुधा त्या धड्याची नसते, चार-पाच इयत्ता मागची असते. म्हणून आधी तपासणी करू. खालील पाच उदाहरणे कॅल्क्युलेटर न घेता, एका बैठकीत, खाडाखोड न करता सोडवा आणि जे उत्तर येईल ते जसेच्या तसे येथे लिहा. चुकले तर लाजू नये, कारण मला चुकाच हव्या आहेत.

पहिले: २/३ + ३/४. दुसरे: −७ − (−४). तिसरे: ५ − २(३ − क्ष) हे सोपे रूप द्या. चौथे: ३क्ष = १२, तर क्ष किती? पाचवे: (क्ष + ३)² चा विस्तार करा.


मोगरा_भांडुप | रविवार, दुपारी ३:५५

गुरुजी, आपण सांगितल्याप्रमाणे खाडाखोड केलेली नाही. माझी उत्तरे क्रमाने अशी आली: ५/७, −३, ९ − ३क्ष, ४, आणि क्ष² + ९. मुलीने कागद पाहिला आणि ती काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेली, त्यावरून निकालाचा अंदाज आला आहे.


दादरचे_गुरुजी | रविवार, सायंकाळी ६:३०

दोन बरोबर, तीन चूक. आणि तिन्ही चुका फार बोलक्या आहेत.

५/७ हे उत्तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून आले. खरे उत्तर १७/१२ आहे. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की ५/७ म्हणजे साधारण ०.७१, आणि आपण ज्या दोन संख्या मिळवल्या त्यांतील एकटी ३/४ म्हणजेच ०.७५ आहे. पाऊण लिटर दुधात आणखी दूध ओतले आणि भांड्यातले दूध कमी झाले, असे या उत्तराचे म्हणणे आहे. लेखा विभागात असा ताळा आला असता तर आपण तो तत्काळ परत पाठवला असता. गणिताच्या वहीत मात्र आपण उत्तराला प्रश्न विचारत नाही, कारण शाळेत ते विचारण्याची मुभा कोणी दिलेली नसते.

तिसऱ्या उदाहरणात आपण ५ मधून २ आधी वजा केले आणि उरलेल्या ३ ने कंसाला गुणले. तेथे २ हा कंसाचा गुणक आहे, त्याला कंसापासून तोडता येत नाही. म्हणून ५ − ६ + २क्ष, म्हणजे −१ + २क्ष. शंका आली की क्षच्या जागी एखादी संख्या ठेवावी. क्ष = १ घेतल्यास मूळ राशी ५ − २ × २ = १ होते; माझे उत्तरही १ देते, आपले ६ देते. पाचव्याचेही तेच: क्ष = १ असता (१ + ३)² म्हणजे १६, आणि क्ष² + ९ म्हणजे १०. मधले ६क्ष हरवले आहे. चौरसाची बाजू क्ष + ३ घेऊन चित्र काढा. एक मोठा चौरस, एक लहान चौरस आणि क्ष गुणिले ३ असे दोन आयत दिसतील. हरवलेले ६क्ष त्या दोन आयतांत आहे.

तेव्हा वर्गसमीकरणे तूर्त बाजूला ठेवा. दोन आठवडे अपूर्णांक, ऋण संख्या आणि कंस, एवढेच. सातवी-आठवीची पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ती उघडताना कमीपणा वाटेल, वाटू द्यावा.


हिशोबनीस | रविवार, रात्री ९:०५

वेगळे मत मांडतो, राग नसावा. मीही लेखापाल आहे आणि गेल्या बावीस वर्षांत मला कधीही क्ष शोधावा लागलेला नाही. बेरीज-वजाबाकी एक्सेल करते, व्याजही एक्सेल काढते. ताईंना डेटा सायन्सच शिकायचे असेल तर संगणकाची एखादी भाषा थेट शिकावी. सातवीचे अपूर्णांक घोटण्यात वेळ का घालवावा, हे मला समजलेले नाही.


त्रिज्या | रविवार, रात्री ९:४०

काका, तुम्ही एक्सेलच्या एका चौकटीत सूत्र लिहिता आणि ते खाली शंभर ओळींवर ओढता, तेव्हा तुम्ही क्षच वापरत असता. फक्त त्याचे नाव तेथे "ब स्तंभातील चौकट" असे असते. "हप्ता इतका ठेवायचा असेल तर कर्ज किती घ्यावे?" या प्रश्नासाठी गोल सीक (हवे ते उत्तर सांगून त्यासाठीची संख्या शोधून घेण्याची एक्सेलची सोय) वापरला असेल, तर समीकरणही सोडवले आहे, तेही दुसऱ्याकडून करवून घेऊन. मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या वर्गात संगणकाची भाषा उत्तम येणारी मुले आलेखाचा चढ ऋण आला की गोंधळतात, हे रोज पाहते आहे.


हिशोबनीस | रविवार, रात्री ९:५२

गोल सीकचा मुद्दा मान्य. अपूर्णांकांविषयी माझे मत कायम आहे.


मोगरा_भांडुप | पुढील शनिवार, रात्री १०:१५

एक आठवडा झाला. अपूर्णांकांची चार प्रश्नसंग्रहांइतकी उदाहरणे झाली असावीत आणि छेद समान करताना आता थांबावे लागत नाही. कंसही जमू लागले आहेत. एक गोष्ट मात्र पटत नाही. ऋण गुणिले ऋण धन का होते? शाळेत "मायनस मायनस प्लस" असे पाठ केले होते आणि ते मी वापरते आहे, पण प्रत्येक वेळी खोटी सही केल्यासारखे वाटते. दुसरी शंका: "बाजू बदलली की चिन्ह बदलते" हा नियम मी नीट पाळते, तरीही काल ४क्ष = २० या साध्या समीकरणातून क्ष = १६ असे उत्तर काढले. त्या दिवशी ३क्ष = १२ बरोबर आले होते, ते बहुधा पाढ्यामुळे.


दादरचे_गुरुजी | रविवार, सकाळी ७:२५

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिच्यात आम्हा शिक्षकांचाही दोष आहे. "बाजू बदलली की चिन्ह बदलते" हे वाक्य मी स्वतः हजारो मुलांना घोकवले आहे आणि आज मला त्याचा पश्चात्ताप होतो. समीकरणात कोणतीही संख्या बाजू बदलत नाही. बरोबर या चिन्हाचा अर्थ एवढाच की डावीकडची राशी आणि उजवीकडची राशी समान आहेत. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली हे चिन्ह प्रथम छापले, तेव्हा दोन समांतर आणि समान लांबीच्या रेषा त्याने अशासाठी निवडल्या की त्यांहून अधिक समान असे दुसरे काही असू शकत नाही, असे त्याला वाटले. समान वस्तूंवर समान क्रिया केली तर त्या समान राहतात. नियम असलाच तर तो एवढा एकच आहे. ४क्ष = २० मध्ये ४ हा क्षचा सहगुणक आहे, म्हणजे गुणाकार झालेला आहे; तो सुटावा म्हणून दोन्ही बाजूंना ४ ने भागायचे. आपण ४ उचलून पलीकडे नेला आणि सवयीने त्याला वजाचे चिन्ह लावले, म्हणून १६ आले.

पुढील पंधरा दिवस प्रत्येक ओळीच्या उजवीकडे, समासात, आपण दोन्ही बाजूंना काय केले ते शब्दांत लिहा: "दोन्ही बाजूंतून ५ वजा", "दोन्ही बाजूंना ४ ने भागले". कंटाळा येईल. तरी लिहा. याच सवयीमुळे पुढे असमानता सोपी जाते, कारण तेथे दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणले किंवा भागले की चिन्हाची दिशा उलटते. २ हा ५ पेक्षा लहान आहे, पण −२ हा −५ पेक्षा मोठा आहे. "बाजू बदलण्याच्या" भाषेत हे सांगताच येत नाही.


अव्यक्त | रविवार, दुपारी १२:४०

ऋण गुणिले ऋण याविषयी लिहितो, कारण प्रश्न विचारणाऱ्या ताई लेखा विभागातल्या आहेत आणि उत्तर त्यांच्याच वहीत आहे.

आपल्या भाषेत ऋण म्हणजे कर्ज, आणि वजा संख्येलाही आपण ऋण संख्याच म्हणतो. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मधील ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम सांगितले, तेव्हाही शब्द हेच होते. आता असे पाहा की तुमच्या नावावर पाचशे रुपयांची तीन देणी लिहिलेली आहेत. ती तिन्ही देणी कोणी खोडून टाकली, म्हणजे −५०० ही नोंद तीन वेळा काढून घेतली, तर तुमची स्थिती पंधराशे रुपयांनी सुधारली. "तीन वेळा काढून घेणे" म्हणजे −३ ने गुणणे, म्हणून −३ × −५०० = १५००. हे पटले नाही तर दुसरा मार्ग आहे: −३ × २ = −६, −३ × १ = −३, −३ × ० = ०. प्रत्येक पायरीला उत्तर तीनने वाढते आहे. पुढची पायरी −३ × −१ आहे आणि तेथे ३ खेरीज दुसरे काही लिहिले तर साखळी तुटते.

थोडे विषयांतर. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथात ऋण संख्या दाखवण्यासाठी अंकाच्या डोक्यावर बिंदू दिला आणि एकाहून अधिक अव्यक्त राशी असल्या तर त्यांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे दिली. पहिले नाव सोडले तर बाकीचे चक्क रंग आहेत. शाळेतल्या क्ष आणि य यांच्यापेक्षा मला ते अधिक आवडतात. त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा जो शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, तो उजेडात आणणारे डॉक्टर भाऊ दाजी लाड हे आपल्या मुंबईचेच. भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाताना शेजारच्या संग्रहालयावरचे नाव आपण वाचतो, ते त्यांचे.


रात्रपाळी | रविवार, दुपारी १:१५

विषयांतर आवडले, पण ताईंना अडीच आठवड्यांनी नोंदणी करायची आहे. त्यांच्या उपयोगाचे एक लिहितो. मराठी माध्यमातून आलेल्या माणसाची अर्धी दमछाक परिभाषेत होते. आपल्याला कल्पना माहीत असते, पण इंग्रजी नाव ऐकून ती नवी वाटते. मी पहिल्या सहामाहीत "डिस्क्रिमिनंट" या शब्दाला दोन दिवस घाबरून होतो आणि मग कळले की हा दहावीतला विवेचक आहे. कोइफिशंट म्हणजे सहगुणक, व्हेरिएबल म्हणजे चल, पॉलिनॉमिअलची डिग्री म्हणजे बहुपदीची कोटी, रूट म्हणजे मूळ, सर्ड म्हणजे करणी, रॅशनल म्हणजे परिमेय, स्लोप म्हणजे चढ, फंक्शन म्हणजे फल, डोमेन म्हणजे प्रांत. सायमल्टेनिअस इक्वेशन्स ही आपली एकसामयिक समीकरणे, आणि रिमेंडर थिअरम हा नववीतला शेष सिद्धांत. वहीच्या शेवटच्या पानावर अशी यादी स्वतः करत जा. इंग्रजी शब्द ऐकला की आधी मराठी शब्द आठवायचा, मग पुढे जायचे. महिनाभरात ही मधली पायरी आपोआप गळून पडते.


त्रिज्या | सोमवार, रात्री ८:२०

ताई, फल हा विषय व्हिडिओत "यंत्रात संख्या घाला, संख्या बाहेर येते" असा शिकवतात आणि त्याने काही कळत नाही. तुम्ही भांडुपला राहता, म्हणजे स्टेशनवरून घरी रिक्षाने जात असाल. तेच घेऊ.

१ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरानुसार रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आहे आणि ते पहिल्या दीड किलोमीटरला पुरते. त्यापुढे किलोमीटरला १७.१४ रुपये. अंतर क्ष आणि भाडे य मानले, तर दीड किलोमीटरपर्यंत य = २६, म्हणजे आलेखात आडवी रेषा; आणि त्यापुढे य = २६ + १७.१४(क्ष − १.५). एकाच फलाची दोन खंडांत दोन सूत्रे आहेत. क्ष शून्याहून मोठाच असणार, कारण ऋण अंतराची रिक्षा नसते. हा झाला त्याचा प्रांत. १७.१४ हा दुसऱ्या रेषेचा चढ.

आता गंमत पाहा. दुसऱ्या सूत्राचा कंस सोडवला तर १७.१४ × १.५ = २५.७१, म्हणून य = १७.१४क्ष + ०.२९. म्हणजे ही रेषा मागे वाढवली तर ती य-अक्षाला फक्त २९ पैशांवर छेदते, जवळजवळ आरंभबिंदूतूनच जाते. याचा अर्थ किमान भाडे हे वेगळे शुल्क नाही. ते दीड किलोमीटरचेच भाडे आहे, रुपयात पूर्ण केलेले, आणि कमी अंतरालाही तेवढे द्यावे लागते इतकेच. टॅक्सीचे करून पाहा: किमान ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २०.६६. तेथे हा फरक एका पैशावर येतो. मी लहानपणापासून समजत होते की "आधी किमान भाडे आणि वर मीटर" असा प्रकार असतो. कंस सोडवल्यावर तो समज गेला. मध्यरात्रीनंतर सव्वापट भाडे होते, म्हणजे सगळा आलेखच वर ताणला जातो आणि चढही सव्वापट होतो. बेस्टचे भाडे मात्र टप्प्यांनी वाढते, त्याचा आलेख जिन्यासारखा येईल.


हिशोबनीस | सोमवार, रात्री ८:४५

दोन पैशांचा चहा घेऊन बसलो होतो, तो निवला. टॅक्सीचे करून पाहिले, एक पैसा बरोबर येतो. इतकी वर्षे भाडे दिले आणि कधी लक्षात आले नाही.


मोगरा_भांडुप | त्यानंतरचा गुरुवार, रात्री ११:०५

शाब्दिक उदाहरणांपाशी पोहोचले आहे आणि तेथे पुन्हा तोंडघशी पडले. मी स्वतःच एक उदाहरण रचले: ठाण्याहून धीमी लोकल ताशी सरासरी ३५ किलोमीटर वेगाने निघाली, तिच्यानंतर दहा मिनिटांनी जलद लोकल सरासरी ५० च्या वेगाने निघाली, तर जलद गाडी धीम्या गाडीला कोठे गाठेल? मी ३५क्ष = ५०(क्ष − १०) असे मांडले आणि क्ष = ३३.३३ आले. तास म्हणून घेतले तर दीड दिवसाचा प्रवास होतो. उत्तराला प्रश्न विचारायची गुरुजींनी सवय लावली, त्यामुळे चूक आहे हे लगेच समजले. कोठे आहे हे समजायला मात्र दोन दिवस लागले. वेग ताशी आहे आणि दहा मी मिनिटांत घेतले. तासांत ते १/६ होते. म्हणजे ३५क्ष = ५०(क्ष − १/६), दोन्ही बाजूंना ६ ने गुणून २१०क्ष = ३००क्ष − ५०, आणि क्ष = ५/९ तास. ही ३३ मिनिटे २० सेकंद झाली, आणि अंतर साधारण साडेएकोणीस किलोमीटर, म्हणजे कुर्ल्याच्या आसपास. हे उत्तर पाहून मला फार समाधान वाटले, कारण कुर्ल्याला शेजारच्या रुळावरून जलद गाडी पुढे निघून जाताना मी रोजच पाहते. एक कोडे राहिलेच: एकक चुकलेले असूनही ३३.३३ हा आकडा मिनिटांत बरोबर कसा आला?


दादरचे_गुरुजी | शुक्रवार, सकाळी ६:५०

कारण आपण क्ष नकळत मिनिटांत धरला होता. वेगांचे गुणोत्तर ३५ : ५० तेच राहते, मग काळ मिनिटांत घ्या की तासांत, समीकरणाच्या दोन्ही बाजूंना ६० ने भागले तर वेग मिनिटाला इतके किलोमीटर असा होतो आणि समीकरण निर्दोष ठरते. म्हणजे समीकरण बरोबर होते आणि वाचन चुकले. म्हणून "क्ष = वेळ" असे कधीही लिहू नये, "क्ष = धीमी गाडी निघाल्यापासूनची मिनिटे" असे पूर्ण वाक्य लिहावे. शाब्दिक उदाहरणातील निम्मे काम या एका वाक्यात होते.


अव्यक्त | शुक्रवार, रात्री १०:३०

ताई वर्गसमीकरणांकडे वळण्यापूर्वी एक युक्ती सांगतो, कारण अपूर्णांकांचा धसका घेतलेल्या माणसाला ती वरदान आहे. ३क्ष² + ५क्ष − २ = ० हे समीकरण पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवताना आपण आधी ३ ने भागतो, मग ५/३ चे निम्मे ५/६, त्याचा वर्ग २५/३६, आणि येथे वही बंद होते. भास्कराचार्यांच्या आधीचे गणिती श्रीधराचार्य यांची रीत उलटी आहे आणि ती भास्कराचार्यांनी आदराने उद्धृत केली आहे: भागू नका, क्ष²च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा. येथे १२ ने गुणले की ३६क्ष² + ६०क्ष = २४. दोन्ही बाजूंत मूळच्या ५ चा वर्ग मिळवा: ३६क्ष² + ६०क्ष + २५ = ४९. डावीकडे (६क्ष + ५)² तयार आहे, म्हणून ६क्ष + ५ = ७ किंवा −७, आणि क्ष = १/३ किंवा −२. शेवटच्या भागाकारापर्यंत एकही अपूर्णांक आला नाही. हेच अ, ब, क ही अक्षरे घेऊन केले की दहावीचे सूत्र मिळते, आणि त्यातले ४अक कोठून आले याचा उलगडाही होतो.


मोगरा_भांडुप | तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ४:३०

नोंदणी झाली, पहिले दोन आठवड्यांचे स्वाध्याय वेळेत दिले. श्रीधराचार्यांची रीत मी मुलीला शिकवली. ती आता तिच्या वर्गात दाखवते आहे आणि श्रेय स्वतः घेते आहे.

आता नवा पेच. सरावात एक समीकरण आले: √(क्ष + ७) = क्ष − ५. दोन्ही बाजूंचा वर्ग केला, क्ष + ७ = क्ष² − १०क्ष + २५ झाले, त्यावरून क्ष² − ११क्ष + १८ = ०, आणि क्ष = ९ किंवा २. क्ष = ९ ठेवले तर दोन्हीकडे ४ येतात. क्ष = २ ठेवले तर डावीकडे ३ आणि उजवीकडे −३. प्रत्येक ओळीत दोन्ही बाजूंना समान क्रियाच केली होती. समासात लिहिलेलेही आहे. मग चुकीचे उत्तर आत शिरले कोठून?


दादरचे_गुरुजी | रविवार, सायंकाळी ६:१०

वर्ग करताना. ३ आणि −३ या असमान संख्या आहेत, पण त्यांचे वर्ग समान आहेत. समान संख्यांचे वर्ग समान असतात हे खरे. वर्ग समान असले म्हणजे संख्या समान असतातच, हे खरे नाही. बेरीज, वजाबाकी आणि शून्येतर संख्येने गुणाकार-भागाकार या क्रिया उलट्या करता येतात, वर्ग करणे तसे नाही. म्हणून जेथे दोन्ही बाजूंचा वर्ग केला असेल तेथे समासात खूण करावी आणि शेवटी प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालून पाहावे. याच्या उलट चूकही होते: क्ष² = ५क्ष असता दोन्ही बाजूंना क्षने भागले तर ५ मिळतो आणि शून्य हे उत्तर हातचे जाते.


अव्यक्त | रविवार, रात्री ९:२०

याच जातीचे एक जुने उदाहरण देतो. ते भास्कराचार्यांच्या बीजगणितातले आहे. माकडांच्या कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून जी संख्या येते तिच्या वर्गाइतकी माकडे गुहेत गेली आणि एक माकड फांदीवर उरले. तर कळपात माकडे किती? ताई, सोडवून येथे लिहा.


मोगरा_भांडुप | रविवार, रात्री १०:५०

क्ष = कळपातील एकूण माकडे. समीकरण (क्ष/५ − ३)² + १ = क्ष. अपूर्णांक आधीच घालवला: दोन्ही बाजूंना २५ ने गुणले, म्हणजे (क्ष − १५)² + २५ = २५क्ष, आणि त्यावरून क्ष² − ५५क्ष + २५० = ०. अवयव (क्ष − ५०)(क्ष − ५), म्हणून ५० किंवा ५. पन्नासचा पाचवा हिस्सा १०, वजा तीन ७, वर्ग ४९, आणि फांदीवरचे एक, जुळते. पाचाचा पाचवा हिस्सा १, वजा तीन −२, वर्ग ४, आणि एक. समीकरणात हेही जुळते. पण एका माकडातून तीन माकडे वजा कशी करणार? माझ्या मते ५० ठेवावे आणि ५ सोडावे. मात्र हे मघाच्या २ सारखे नाही. तो मूळ समीकरणातच बसत नव्हता. हा समीकरणात बसतो, गोष्टीत बसत नाही.


अव्यक्त | रविवार, रात्री ११:०२

भास्कराचार्यांनीही ५ सोडले, आणि कारण हेच दिले.